शिंकेची गोळी आणि कसारा घाट

या वेळचं पत्र पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं आहे, पिकअप चालवणाऱ्या एका दादांचं. एका दमात लिहिलंय, थोडं कापून देते.

"ताई, माल माझा नसतो, गाडी माझी. रात्री दहाला कांदा भरून निघायचं आणि पहाटे वाशी मार्केट. गोण्या भरताना धूळ आणि टरफलं उडतात, तेव्हा सुरू झालेल्या शिंका इगतपुरीपर्यंत थांबत नाहीत. म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतो. शिंका थांबतात पण कसाऱ्याला डोळे जड होतात. मागच्या महिन्यात घाटात एका वळणावर पुढच्या ट्रकचे लाल लाईट एकदम अंगावर आले, कसाबसा ब्रेक लागला. माझा क्लीनर तीच गोळी खातो त्याला काहीच होत नाही, म्हणून आता घाट तोच उतरवतो. एक जण म्हणाला नवीन गोळ्या मेंदूत जातच नाहीत, मेंदूला पडदा असतो. हा पडदा म्हणजे नक्की काय, आणि गोळीला कसं कळतं आत जायचं की नाही? दुसरं म्हणजे आमची आई ७४ वर्षांची, खाजेसाठी रोज रात्री ॲव्हिल घेते, पाचसहा वर्षं झाली. हल्ली रात्री उठून गोठ्याकडे जाते. म्हशी विकून दहा वर्षं झालीत. याचा गोळीशी काही संबंध असेल का?"

दादा, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत पण मला पत्रात तीन दिसले, आणि जो तुम्ही विचारलाच नाही त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. तो म्हणजे तुमचा क्लीनर. त्याच्यावर येते, पण एक गोष्ट आजच्या फेरीपासूनच करा, ती गोळी पोटात असेल तर घाट तुम्ही पण उतरवायचा नाही आणि त्याने पण नाही. का ते सांगते, जरा लांबण लागेल, मी फार्मसी कॉलेजात बावीस वर्षं हाच विषय शिकवलाय आणि आता संध्याकाळी भावाच्या मेडिकलवर बसते त्यामुळे बोलायची सवय काही जात नाही.

आधी नाकाचं बघू. धूळ आत गेली की नाकाच्या अस्तरातल्या काही पेशी हिस्टामीन सोडतात. हे हिस्टामीन जाऊन एच-वन नावाच्या रिसेप्टरवर बसतं, कुलपात चावी बसावी तसं, आणि मग शिंका, पाणी, खाज सगळी वरात निघते. ॲलर्जीची गोळी काय करते तर त्या कुलपात आगकाडी मोडून ठेवते. चावी येते पण आत जात नाही. हिस्टामीन तयार व्हायचं थांबत नाही बरं का, ते फक्त दाराबाहेर ताटकळतं. म्हणूनच ही गोळी शिंका सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतली तर जास्त चांगली लागू पडते.

आता गंमत अशी आहे की हुबेहूब तसलीच कुलपं मेंदूतही आहेत, पण तिथे त्यांचं काम शिंका काढण्याचं नाही तर जागं ठेवण्याचं आहे. मेंदूच्या बुडाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या मागच्या बाजूला पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, मेंदूतलं हिस्टामीन बनवणाऱ्या पेशी सगळ्या तिथेच. आपण जागे असतो तोवर तो पुंजका सगळ्या मेंदूला हिस्टामीन पुरवत राहतो आणि झोप लागली की गप्प होतो. व्हिएन्नाचा फॉन इकोनोमो नावाचा डॉक्टर, त्याने १९१७ मध्ये एका विचित्र झोपेच्या आजाराबद्दल लिहिलं होतं, माणसं दिवसच्या दिवस झोपून राहायची, आणि त्यातले जे गेले त्यांचे मेंदू तपासले तर हायपोथॅलॅमसचा हाच मागचा भाग खराब झालेला सापडला. हिस्टामीनचं नाव तेव्हा त्यात कुठेच नव्हतं, ते फार नंतर जुळलं. तर तुमची गोळी मेंदूत जाऊन काही वेगळा उद्योग करत नाही हो, नाकात करते तेच तिथे करते, कुलपात आगकाडी. फक्त तिथे त्याचा अर्थ "जागा राहा" हा निरोप पोचत नाही असा होतो, आणि डोळे जड होणं हा त्याचा फक्त दिसणारा भाग आहे.

मग पडदा असून गोळी आत पोचते कशी?

पडदा म्हटलं की आपल्याला खिडकीचा पडदा आठवतो, मेंदूभोवती गुंडाळलेलं एखादं कापड. तसलं काही नाहीये. पडदा आहे तो मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत, म्हणजे एका माणसाच्या डोक्यात सगळ्या केशवाहिन्या सरळ रेषेत ठेवल्या तर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतात, तेवढ्या सगळ्या लांबीवर. तुमची वाशीची जाऊन-येऊन दीड फेरी झाली की! हे पहिल्यांदा लक्षात आलं रंगांमुळे. जर्मनीत पॉल एर्लिखने १८८५ च्या सुमाराला जनावरांच्या रक्तात रंग सोडले तर सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा. त्याला वाटलं मेंदूला रंग धरतच नसेल. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या गोल्डमानने १९१३ मध्ये उलटं केलं, रंग रक्तात न घालता मेंदूभोवतीच्या पाण्यात घातला, आणि मेंदू निळा झाला, बाकी शरीर कोरं. म्हणजे रंग धरत होता, रक्तातून येऊ देत नव्हतं कोणीतरी. तो कोण हे मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर दिसलं, १९६७ मध्ये, रीझ आणि कार्नोव्स्की या दोघांनी दाखवलं की केशवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना सांध्याला सांधा लावून पक्क्या शिवलेल्या आहेत.

तुमच्याच गाडीवर बघा. शरीरात बाकी बहुतेक ठिकाणी केशवाहिनीची भिंत कांद्याच्या जाळीच्या गोणीसारखी असते, कांदा आत राहतो पण माती, टरफलं, पाणी सगळं फटीतून ये-जा करतं. मेंदूत आलं की तीच भिंत ताडपत्री होते. फटच नाही. ज्याला आत जायचंय त्याला दोन पेशींच्या मधून घुसता येत नाही, पेशीच्याच अंगातून आरपार जावं लागतं, आणि पेशीचं कातडं असतं तेलकट. इथेच सगळा निकाल लागतो. जो रेणू लहान आहे, तेलात विरघळतो आणि ज्याच्यावर विजेचा भार फारसा नाही, तो तेलकट कातड्यात शिरतो आणि पलीकडे निघतो. जो मोठा, पाणीदार, भार घेऊन फिरणारा आहे तो दारातच अडखळतो. (साखर पाणीदार असूनही जाते कारण मेंदूला ती हवी असते, तिच्यासाठी वेगळी दारं करून ठेवलीयत. हवं त्याला दार, नको त्याला ताडपत्री.) म्हणजे गोळीला काही कळत वगैरे नाही, तिची घडणच तिचं ठरवते.

जुन्या गोळ्या, म्हणजे तुमच्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन ज्याला मेडिकलवर सगळे सीपीएम म्हणतात, आईच्या ॲव्हिलमधलं फेनिरामिन, कित्येक खोकल्याच्या सायरपमधलं डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन, हे सगळे लहान आणि तेलकट रेणू. ताडपत्री त्यांना नसल्यासारखीच. यात कोणाची चूक नाही, १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि ॲन-मारी स्टाउब यांनी पहिलं अँटीहिस्टामीन दाखवलं (बोव्हेला १९५७ चं नोबेल मिळालं, त्यातल्या कामात हेही होतं) तेव्हा प्रश्न एवढाच होता की हिस्टामीनला अडवता येतं का. औषध मेंदूत जाऊ नये असा विचारच त्या काळात कोणी करत नव्हतं. उलट जातंय म्हटल्यावर लोकांनी त्याचा फायदा घेतला, प्रोमेथाझिनच्याच खानदानातून १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन निघालं आणि मनोविकारांच्या उपचारांचं चित्रच पालटलं. सर्दीच्या गोळीची चुलत बहीण वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि तिथे तिने नाव काढलं. मला ही गोष्ट शिकवताना फार आवडायची, असो.

आता नवीन गोळ्या. यातली सगळ्यात सोपी गोष्ट हायड्रॉक्सिझिनची आहे. जुनी गोळी, खाजेला देतात, झकास झोप आणते. आपलं लिव्हर या रेणूच्या शेपटीला थोडा ऑक्सिजन लावतं आणि तिथे एक आम्लाचं टोक तयार होतं, बास, बाकी रेणू तसाच. हा जो नवीन रेणू तयार झाला तो म्हणजे सेट्रिझिन. तीच बाई, फक्त आता अंगावर भार आला, एका टोकाला ऋण एका टोकाला धन, आणि तेलकट भिंतीतून जाणं अवघड झालं. कंपन्यांनी पुढे तोच रेणू थेट गोळीत भरला. लिव्होसेट्रिझिन म्हणजे त्याच सेट्रिझिनच्या, डाव्या-उजव्या हातासारख्या, दोन रूपांपैकी कामाचं एक रूप.

पण नुसत्या भाराने भागत नाही, आणि तुम्हाला कोणी "पडदा अडवतो" एवढंच सांगितलं असेल तर अर्धंच सांगितलंय. त्या ताडपत्रीत एक कंडक्टर बसलेला आहे. त्याचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन, १९७६ मध्ये टोरोंटोत सापडला, तोही मेंदूत नाही तर औषधाला दाद न देणाऱ्या पेशींच्या अंगावर. हा कंडक्टर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला उभा असतो आणि जो नको तो चढला की पुढच्या स्टॉपची वाट न बघता तिथल्या तिथे परत खाली उतरवतो, म्हणजे रक्तात. कितीही वेळा चढा, तितक्या वेळा उतरवणार. फेक्सोफेनाडिन नावाची जी गोळी आहे, १२० आणि १८० मध्ये मिळते, ॲलेग्रा म्हणून तुम्ही ऐकली असेल, ती या कंडक्टरच्या डोळ्यात बरोबर भरते. म्हणजे ती दार ठोठावतच नाही असं नाही, ठोठावते, थोडी चढते पण, आणि दरवेळी बाहेर काढली जाते.

हा कंडक्टर किती कामाचा आहे ते कळलं उंदरांमुळे, आणि अपघाताने. ॲमस्टरडॅममध्ये हा प्रोटीन नसलेले उंदीर तयार केले होते, दिसायला ठणठणीत. मग पिंजऱ्यांत बारीक किडे झाले म्हणून नेहमीसारखं आयव्हरमेक्टिन फवारलं, तेच जे आपल्याकडे जनावरांना जंतासाठी आणि गोचिडीसाठी देतात, बाकीच्या उंदरांना काही झालं नाही आणि हे कंडक्टर नसलेले उंदीर मेले. बघतात तर औषध मेंदूत भरलेलं. १९९४ मध्ये ते छापून आलं. पुढे असल्याच उंदरांना फेक्सोफेनाडिन दिलं तर तेही मेंदूत कितीतरी पट जास्त सापडलं. दुसरं उदाहरण तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्येच असेल, जुलाबाची लोपेरामाइडची गोळी. ती अफूच्या खानदानातली आहे हो! तरी नेहमीच्या डोसला नशा चढत नाही, कारण तोच कंडक्टर. (म्हणून कोणी मूठभर खाऊन बघायच्या फंदात पडू नये, आधी हृदयाचे ठोके बिघडतात.)

फेक्सोफेनाडिन बाजारात आली तीही सरळ नाही आली. तिच्याआधी टर्फेनाडिन होती, अमेरिकेत १९८५ मध्ये आली, झोप न आणणारी पहिली मोठी गोळी म्हणून धो धो खपली. मग लक्षात आलं की सोबत केटोकोनाझोल (बुरशीचं औषध) किंवा एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) चालू असेल तर लिव्हर तिला मोडू शकत नाही, ती रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडवते, माणसं दगावली. गंमत म्हणजे ॲलर्जीवर काम करत होतं ते लिव्हरने मोडल्यावर उरलेलं रूप, मूळ गोळी नाहीच. ते रूप म्हणजे फेक्सोफेनाडिन. तेच वेगळं काढून दिलं आणि टर्फेनाडिन गेली.

"मेंदूत जात नाही" हे लोक नुसतं बोलत नाहीत, मोजलंय ते. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात यानाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना गोळ्या देऊन पेट स्कॅनखाली, म्हणजे शरीराच्या आतलं काम दाखवणाऱ्या यंत्राखाली, मेंदूतली एच-वन कुलपं मोजली, किती रिकामी किती अडकलेली. सीपीएमच्या साध्या डोसला निम्म्याच्या आसपास कुलपं अडकलेली. ३० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिनलाही निम्म्याच्या वर. १० मिलिग्रॅम सेट्रिझिनला १३ टक्क्यांच्या आसपास, आणि तेच २० घेतलं की २५. फेक्सोफेनाडिन जवळपास शून्य. बिलास्टिन नावाची आणखी एक नवीन गोळी आहे, दुसऱ्या एका मोजणीत ती पण शून्याच्या आसपास. निम्म्याच्या वर गेलं तर झोप आणणारी गोळी आणि वीस टक्क्यांच्या आत असेल तर न आणणारी, असा हिशेब ते लावतात.

यातला सेट्रिझिनचा आकडा नीट बघा, कारण काउंटरवर दर दुसरा माणूस "एकाने काय होतंय" म्हणून दोन घेतो. झोप न येणारी गोळी दोन घेतल्यावर त्याच यादीत राहत नाही. आणि १३ टक्के म्हणजे सगळ्यांना सारखं १३ नाही, काहींना एका सेट्रिझिनने पण चांगली पेंग येते, ते खोटं बोलत नाहीत.

आता तुमचा क्लीनर.

अमेरिकेत आयोवामध्ये गाडीचा सिम्युलेटर आहे, खरी गाडी चालवल्यासारखं सगळं पण पडद्यावर. तिथे ॲलर्जी असलेल्या ४० जणांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं दिलं: एकदा फेक्सोफेनाडिन, एकदा ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन, एकदा दारू आणि एकदा नुसतीच खोटी गोळी. दारू किती, तर रक्तात ०.१ टक्क्याच्या आसपास जाईल एवढी, आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे म्हणजे तिप्पट. काम काय होतं माहितीये? पुढच्या गाडीचा वेग कमी-जास्त होत राहणार आणि तुम्ही मागून तसंच जायचं. म्हणजे तुमचा कसारा घाट आणि तो ट्रक! २००० साली निकाल छापला. फेक्सोफेनाडिनवाले खोट्या गोळीवाल्यांसारखेच चालवत होते. डायफेनहायड्रामिनवाले सगळ्यात वाईट, दारूवाल्यांपेक्षाही. आणि यातली जी गोष्ट मी तुम्हाला दोनदा सांगेन ती अशी, की "झोप आल्यासारखं वाटतंय का" हे त्यांना विचारत होते, आणि त्या उत्तरावरून कोण वाईट चालवणार ते नीट ओळखता येत नव्हतं. झोप येत नाही म्हणणारेही चुकत होते.

म्हणजे कळतंय ना मी काय म्हणतेय? तुम्हाला डोळे जड झालेले कळले म्हणून तुम्ही स्टेअरिंग सोडलंत, आणि दिलंत कोणाला, तर ज्याच्या मेंदूत तेवढीच कुलपं अडकलेली असणार पण त्याला ते कळत नाही त्याला. तुम्ही निदान काच खाली करता, गाडी बाजूला घेता. तो "आपल्याला काय होत नाय" म्हणत तोच घाट त्याच वेगाने उतरतोय आणि ब्रेकवर पाय जायला जो जास्तीचा अर्धा क्षण लागतोय तो त्याला दिसणारच नाही, कारण तो बघणारा मेंदूच सुस्तावलाय.

माझंच सांगते. मी तेव्हा कॉलेजात हाच धडा शिकवत होते आणि एका सर्दीत सीपीएमवाली गोळी घेऊन संध्याकाळी काउंटरवर बसले. झोप वगैरे अजिबात नाही, उलट शिंका थांबल्या म्हणून खुशीत. एका आजींना प्रेशरची एक स्ट्रिप द्यायची तर मी तीन ठेवल्या, पैसे एकीचेच घेतले, आणि मग त्यांच्या सुट्ट्या पैशांचा हिशेब करायला बसले ते दोनदा मोजून दोनदा वेगळा आला. आजीच म्हणाल्या, पोरी तुझं लक्ष कुठंय. त्यांनी स्ट्रिपा परत केल्या म्हणून, नाहीतर मला रात्री हिशेब लागला नसता आणि मी भावावर ओरडले असते. कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी एकदम फ्रेश आहे.

आणि घोटीला चहा मारून काही होत नाही. चहातलं कॅफीन वेगळ्याच कुलपावर काम करतं, हिस्टामीनच्या कुलपातली आगकाडी ते काढत नाही. थोडी तरतरी वाटेल, तीच फसवेल. दुपारी घेतली, रात्रीपर्यंत उतरेल हा हिशेबही सीपीएमला लागू नाही, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच तिला वीसेक तास लागू शकतात. रोज घेतलीत तर कालची शिल्लक आजच्यात.

तर करायचं काय. पहिलं, ती "सर्दीची गोळी" बंद. तिच्या स्ट्रिपच्या मागे बघा, पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असं काहीतरी लिहिलेलं असेल, तुम्हाला ताप नाही अंगदुखी नाही, रोज फुकटचं पॅरासिटामॉल कशाला? (घरात लहान मूल असेल तर हेही लक्षात ठेवा, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही असं आपल्या सरकारी औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलंय.) डॉक्टरांना एकदा नाक दाखवा आणि सरळ सांगा, मी रात्री गाडी चालवतो, मला फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिन चालेल का. दुसरं काही प्रेशरचं, मिरगीचं, हृदयाचं औषध चालू असेल तर तेही सांगा. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मोसंबी-संत्र्याच्या नाहीतर सफरचंदाच्या ज्यूसबरोबर नाही. ज्यूसने ती आतड्यातून नीट शोषली जात नाही आणि मग लोक म्हणतात ही गोळी कुचकामी. ॲसिडिटीचं पांढरं औषध पण तिच्या जवळपास नको. बिलास्टिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवल्यावर दोन तासांनी. आणि गोण्या भरायला सुरुवात करण्याच्या तास-दोन तास आधी घ्या, शिंका सुरू झाल्यावर नाही. कुठलीही नवीन गोळी पहिल्यांदा घ्याल ती सुट्टीच्या दिवशी, घरी, फेरीच्या रात्री नाही.

खरं तर रोजचाच त्रास आहे म्हटल्यावर नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे तुम्हाला गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, तो डॉक्टर लिहून देतील. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात पण हा नाकात लावायचा, रोज नेमाने मारायचा, आठ-पंधरा दिवसांनी खरा फरक दिसतो. शिंक आली की मारला असं करून चालत नाही. आणि भरताना मास्क, चांगला घट्ट बसणारा, गळ्यातला रुमाल नाही. हमाल हसतील दोन दिवस, हसू देत.

क्लीनरला हे पत्र वाचून दाखवा. त्याला पण शिंका आहेत म्हणजे त्यालाही डॉक्टर लागतोच.

आईचं. हो दादा, संबंध असू शकतो, आणि मी ते उद्यावर टाकणार नाही. ॲव्हिल मेंदूत जाते हे आता तुम्हाला माहीतच झालं, पण या जुन्या गोळ्या फक्त हिस्टामीनचं कुलूप अडवून थांबत नाहीत, ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचंही अडवतात. आठवण, भान, आपण कुठे आहोत कोणतं साल चालू आहे, यात त्याचा मोठा वाटा. तरुण माणसात ते चालून जातं, नुसतं तोंड कोरडं पडतं. पंचाहत्तरीला आलेल्या माणसात मुळात ते रसायन कमी झालेलं असतं, औषध अंगातून निघायलाही जास्त वेळ लागतो, आणि मग रात्री असा गोंधळ होऊ शकतो, दहा वर्षांपूर्वी विकलेल्या म्हशींची धार काढायची वेळ झाली असं वाटू शकतं. जोडीला बद्धकोष्ठ, लघवी अडणं, उठताना तोल जाणं हे आहे का बघा. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची एक यादी आहे, म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची, बीअर्स म्हणतात तिला, त्यात हे जुने अँटीहिस्टामीन आहेतच. पण मी इथे बसून "गोळीनेच झालंय" असं म्हणणार नाही, कारण असा अचानक गोंधळ लघवीच्या इन्फेक्शनने होतो, सोडियम कमी झाल्याने होतो, साखर खाली-वर झाल्याने होतो, आणि विसरण्याच्या आजाराची सुरुवातही असू शकते. रक्त-लघवी तपासायला लागेल. याच आठवड्यात न्या, कांद्याचा सीझन संपल्यावर नाही. आणि त्याआधीच एकदम जास्त गुंगी आली, बोलणं बदललं, ताप आला किंवा लघवी अडली तर थांबू नका, तडक दवाखाना.

आणि तिची ॲव्हिल तुमच्या मनाने बदलून सेट्रिझिन सुरू करू नका. सेट्रिझिन बरीचशी किडनीतून बाहेर पडते, या वयात किडनी किती चालतेय ते बघून डोस ठरतो. शिवाय रोज महिनोन्‌महिने सेट्रिझिन घेऊन मग एकदम बंद केली तर काहींना भयंकर खाज सुटते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रकांनी, २०२५ मध्ये तशी सूचनाच काढलीय. मूळ प्रश्न हा की पाचसहा वर्षं रोज खाज का येतेय. म्हातारपणी नुसती कातडी कोरडी पडूनही येते, तेव्हा खोबरेल तेल जे करतं ते गोळी करत नाही, पण किडनी, लिव्हर, थायरॉइड हेही बघावं लागतं. घरात आणखी कोणाला खाज आहे का तेही आठवून जा, खरूज असेल तर सगळ्यांनाच औषध लागेल.

जाताना आई घेते त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत भरून न्या, झोपेची, प्रेशरची, दुकानातून आणलेलं चूर्ण असलं तर तेही. फोटो नको, फोटोत मागचं बारीक अक्षर वाचता येत नाही. आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत आईच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत रात्रभर एक बल्ब चालू ठेवा, दाराची कडी वरची लावा, गोठ्याच्या वाटेत पाइप-दोरी काही पडलेलं असेल तर उचला.